दोन तासांची थंडी, किती रुपयांचे कपडे?

सकाळी सातला स्कूटर काढता तेव्हा बोटे गारठतात. साडेनऊला ऑफिसात स्वेटर काढून खुर्चीला लावता. दुपारी एकला टपरीवर चहाला उतरता तेव्हा पाठीवर घाम असतो. संध्याकाळी साडेसातला गाडीला किल्ली लावताना आठवते, स्वेटर वर खुर्चीवरच राहिला.

ऑक्टोबरअखेरपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत पुण्याची हवा अशीच असते. नेमक्या याच काळात दिवाळीची खरेदी, बोनस आणि 'विंटर कलेक्शन'च्या पाट्या एकत्र येतात आणि गरज नसलेले जाड कपडे घरात येऊन पडतात.

हिशेब आधीच सांगतो. घरात नेहमीचे कपडे असतील, तर माणशी साडेतीन हजार रुपयांच्या आत हा मोसम निघतो. बिल पाच हजारांच्या वर गेले, तर जादाची खरेदी थंडीसाठी झालेली नाही. खालचे दर पुण्यातल्या मध्यम दुकानांचे आणि अंदाजे आहेत. पेठेत, उपनगरात आणि मॉलमध्ये ते कमी-जास्त होतील.

खरेदीआधी घड्याळ बघा

पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो. त्यानंतर दोन-तीन आठवडे कडक ऊन पडते. या काळात उबदार काहीही घेऊ नका. नोव्हेंबरच्या मध्यापासून पहाटेचा पारा १४-१५ अंशांवर येतो, दुपारी मात्र तो ३० च्या आसपास असतो. म्हणजे एकाच दिवसात पंधरा अंशांचा फरक. यावर जाड कपडा उपयोगाचा नाही. पातळ कपडे एकावर एक घाला, वरचा काढता आला पाहिजे आणि काढल्यावर तो पिशवीत मावला पाहिजे.

आता तुमचे घड्याळ तपासा. तुम्ही सकाळी नऊनंतर घराबाहेर पडता आणि सहाच्या आत परतता? मग पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट किंवा कुर्ता पुरे, नवीन काही नको. सातच्या आत दुचाकीवर निघता? मग थंडीपेक्षा वारा अडवणे महत्त्वाचे. म्हात्रे पुलावर गाडी चढताच हवा एकदम गार लागते, तिथे लोकरीच्या विणीतून वारा आरपार जातो आणि साधा पातळ विंडचीटर मात्र काम करतो. बसने किंवा मेट्रोने जाता? मग एक स्टोल किंवा अर्धा स्वेटर.

मुंबईकरांनी यादीतून स्वेटर सरळ काढून टाकावा, पूर्ण बाह्या आणि ऑफिसातल्या एसीसाठी एक पातळ कार्डिगन एवढे पुरते. नाशिक, निफाडकडच्यांनी डिसेंबरसाठी एक खरा उबदार कपडा धरावा.

आधी कपाट, मग बाजार

एका रविवारी अर्धा तास काढा. गेल्या वर्षीचे सगळे उबदार कपडे पलंगावर टाका आणि तीन ढीग करा: चालणारे, दुरुस्त होणारे, देऊन टाकायचे. दुरुस्तीचा ढीग सगळ्यात मोलाचा, कारण तिथे शंभर-दोनशेत काम होते.

जॅकेटची चेन बदलायला १५० ते २५० रुपये. चेनचा फक्त धावता तुकडा गेला असेल तर पूर्ण चेन बदलू नका, तेवढाच तुकडा ३० ते ५० रुपयांत बदलून मिळतो. पँटची उंची कमी करणे ६० ते १००, कंबर सैल किंवा घट्ट करणे ८० ते १५०. कंबर सैल करायची असेल तर आधी शिवण उलटून आत माया किती सोडली आहे ते बघा. माया नसेल तर काम होणार नाही, फेरी फुकट जाईल. लोकरीच्या कपड्याला रफू भोकाच्या आकाराप्रमाणे १०० ते ३००. पाचशेच्या स्वेटरला तीनशेचे रफू करू नका, आजीच्या हातच्या स्वेटरला जरूर करा.

स्वेटरवर गोळे आले असतील तर ते काढायचे छोटे यंत्र तीनशे-चारशेला मिळते. एकाच स्वेटरसाठी घेऊ नका, शेजारी विचारा. नवे रेझर पत्तीचे टोक न लावता, कपडा सपाट ताणून हलकेच फिरवले तरी गोळे निघतात.

कुणाला नेमके काय लागते

*दुचाकीवर ऑफिसला जाणारी.* तुमच्याकडे कुर्ते आहेत असे धरतो. वर घालायला बिनबाह्यांची सुती किंवा खणाची कोटी ६००, स्टोल २५०, पातळ कार्डिगन ८००, मोज्यांचे तीन जोड १५०. एकूण १,८००. एक खादीचा पूर्ण बाह्यांचा कुर्ता शिवला तर अडीच मीटर कापड २४० च्या दराने ६००, शिलाई ४५०, म्हणजे आणखी १,०५०. सगळे मिळून २,८५०. कार्डिगन राखाडी, काळे किंवा मातकट रंगाचे घ्या, ते दहा कुर्त्यांवर चालते. गडद गुलाबी तीनवर चालेल.

उन्हासाठी वापरता तो सनकोट सकाळच्या वाऱ्यालाही चालतो. तो असेल तर वेगळे जॅकेट घेऊच नका. नसेल तर ३५० ते ६०० मध्ये मिळतो. घेताना गाडीवर बसल्यासारखे हात पुढे करून बघा. मनगट उघडे पडले तर बाही आखूड आहे.

*रोज साडी नेसणारी.* साडीवर स्वेटर चढवला की पदर, निऱ्या आणि पिना यांची झटापट होते. सोपा मार्ग म्हणजे पूर्ण बाह्यांचा, ताणला जाणारा होजिअरी टॉप ब्लाउजच्या जागी घालणे. तो ३०० ते ४५० ला तयार मिळतो. अस्तराचा, पूर्ण बाह्यांचा ब्लाउज शिवायला कापड सोडून सहाशेच्या पुढे लागतात आणि दिवाळीत पंधरा दिवस थांबावे लागते. काळा आणि मरून असे दोन टॉप घेतले की इरकल, मंगळगिरी, खण अशा बहुतेक सुती साड्या निघतात. वर एखादी हलकी शाल. एकूण हजार-बाराशे.

*ऑफिसला जाणारा.* पूर्ण बाह्यांचे सुती शर्ट दोन, अर्धा स्वेटर ६००, विंडचीटर ९००. शर्ट तयार घेतले तर ९०० प्रमाणे १,८००, एकूण ३,३००. शिवले तर ५८ इंची पन्ह्याचे १.६ मीटर कापड ३५० च्या दराने ५६० आणि शिलाई ५००, म्हणजे एक शर्ट १,०६० ला. दोन शर्टांत ३२० रुपये जास्त जातात. तेव्हा 'शिवलेले स्वस्त पडते' हे डोळे झाकून मानू नका. तुमचे खांदे, पोट किंवा उंची तयार मापात बसत नसेल तरच शिवा.

*कॉलेजात जाणारे.* एक हुडी, ५०० ते ९००. एकच. दुसरी हवी असा हट्ट झाला तर पहिली धुवायला टाकल्यावर वाळायला किती वेळ लागतो ते बघा. आत लव असलेली जाड हुडी पुण्यात नोव्हेंबरभर पडून राहते, पातळ सुती हुडी फेब्रुवारीपर्यंत चालते.

*सकाळी फिरायला जाणारे आजी-आजोबा.* इथे काटकसर करू नका. कान, छाती आणि पावले झाकली पाहिजेत. कानटोपी १५०, मफलर २००, पुढून उघडणारा पूर्ण स्वेटर ९००, मोजे १००. एकूण १,३५०. डोक्यावरून घालायचा स्वेटर खांदे दुखणाऱ्यांना घालता-काढता येत नाही, म्हणून बटणांचा किंवा चेनचा घ्या. बटणे मोठी असू द्या.

*शाळेत जाणारी मुले.* स्वेटर घेण्याआधी शाळेकडून रंग आणि नमुना लेखी किंवा मेसेजवर मागवा. निळ्याच्या तीन छटा असतात आणि चुकीची छटा परत द्यायला तुम्हालाच जावे लागते. माप एक नंबर मोठे घ्या, दोन नंबर नको. लोंबणाऱ्या बाह्या मुले वर सरकवतात आणि काठ सैल होतात.

कुठे जायचे, कधी जायचे

कापडासाठी रविवार पेठेतला कापडगंज आणि लक्ष्मी रस्ता. स्टोल, मोजे, परकर, स्कार्फ यांसाठी तुळशीबाग. हुडी, जॅकेट, टी-शर्ट यांसाठी कॅम्पातला फॅशन स्ट्रीट आणि डेक्कनची हाँगकाँग लेन. स्वेटर, शाल, कानटोपीसाठी थंडीच्या सुरुवातीला लागणारे तिबेटी आणि नेपाळी विक्रेत्यांचे तंबू. तिथला माल बराचसा लुधियानाचा असतो, हाताने विणलेला हिमालयातला नव्हे. तसा समजून वाढीव पैसे देऊ नका. खादीच्या दुकानांत गांधी जयंतीपासून सवलत सुरू होते, सुती कुर्त्याचे कापड तेव्हाच घेऊन ठेवा.

गाडी नेऊ नका. तुळशीबागेला मंडई मेट्रो स्थानक आणि हाँगकाँग लेनला डेक्कन जिमखाना स्थानक जवळ आहे. पेठेत गाडी उचलली गेली, तर दंड आणि टोइंग मिळून अख्खा स्वेटर जातो. हा खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही.

वेळ: कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास. दिवाळीआधीचे दोन आठवडे टाळा. गर्दीत कपडा घालून बघता येत नाही आणि विक्रेत्याला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो. सगळ्यात चांगला भाव जानेवारीच्या शेवटी मिळतो, कारण तंबू उठायला लागतात आणि माल परत न्यायचा नसतो. यंदाची नड भागण्यापुरते आत्ता घ्या, पुढच्या वर्षीचा स्वेटर तेव्हा घ्या. वाढत्या वयाच्या मुलांसाठी मात्र हा सल्ला नाही.

घासाघीस तुळशीबागेत आणि रस्त्यावरच्या दुकानांत चालते, पाटी लावलेल्या एकभाव दुकानांत चालत नाही. एक नग घेताना भाव पाडण्यापेक्षा 'तीन घेतले तर कितीला' असे विचारा. पण तीन लागत असतील तरच.

शिवून घ्यायचे असेल तर

दिवाळीच्या तीन आठवडे आधी बहुतेक शिंपी 'ऑर्डर बंद'ची पाटी लावतात. दिवाळीनंतर अनेक दुकानांतले कारागीर चार-आठ दिवस गावी जातात आणि तुळशीचे लग्न लागले की लग्नसराईची घाई सुरू होते. मधले मोजके दिवस तुमचे. तेवढ्यात कापड टाका.

कापड घेताना पन्हा विचारा. ३६ इंची पन्ह्याला शर्टासाठी सव्वादोन ते अडीच मीटर लागते, ५८ इंचीला १.६ मीटर. मीटरचा भाव कमी दिसला म्हणून भुलू नका, कापड जास्त लागेल. सुती आणि खादीचे कापड आटते. म्हणून थोडे जास्त घ्या आणि शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत वाळवा. ही एक रात्र वाचवायला गेलात तर पहिल्या धुण्यानंतर बाह्या मनगटावरून वर जातात आणि मग काहीच करता येत नाही.

रंग जातो का, ते दुकानातच बघा. पांढऱ्या रुमालाचे टोक ओले करून कापडाच्या आतल्या बाजूवर जोरात घासा. रुमालावर रंग उतरला तर ते कापड हलक्या रंगाच्या कपड्याबरोबर कधीच धुता येणार नाही. दुकानदार तोंड वाकडे करेल, करू द्या.

शिंप्याकडे चार गोष्टी आधीच ठरवा. अस्तर शिलाईत धरले आहे की वेगळे? काज-बटणाचे पैसे वेगळे का? ट्रायलची तारीख कोणती? दुरुस्ती निघाली तर ती फुकट का? पावतीवर कापडाचा छोटा तुकडा टाचून घ्या आणि माप, तारीख, ठरलेली रक्कम लिहून घ्या. आगाऊ रक्कम अर्ध्यापेक्षा जास्त देऊ नका. बाजूच्या शिवणीत एक इंच माया ठेवायला सांगा. त्याचे पैसे पडत नाहीत आणि कपडा दोन वर्षे जास्त चालतो.

उरलेले कापड मागून घ्या. ते तुमचे आहे. त्यात एखादा खिसा किंवा ठिगळ निघते.

बिलात न दिसणारे पैसे

*जीएसटी.* २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्याच्या नगाला ५ टक्के आणि त्यावरच्या नगाला १८ टक्के जीएसटी आहे. ही मर्यादा प्रत्येक नगाला आहे, पूर्ण बिलाला नाही. कराआधी २,५०० चे जॅकेट कर धरून २,६२५ ला पडते, २,६०० चे ३,०६८ ला. शंभराच्या फरकात ४४३ रुपये गेले. अडीच हजारांच्या आसपासचा कपडा घेताना दोन पावले मागे या.

छापील एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात. '४० टक्के सूट' या पाटीखाली बारीक अक्षरांत 'कर वेगळा' असे लिहिलेले असेल, तर खरी सूट किती ते काउंटरवर जाण्याआधी काढा. दुकानदाराकडे जीएसटी क्रमांक नसेल, किंवा त्याच्या बिलावर 'कंपोझिशन' असे लिहिले असेल, तर त्याला तुमच्याकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही.

*पिशवी.* खरेदीआधी स्पष्ट न सांगता ऐन काउंटरवर पिशवीचे पैसे लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये म्हटले आहे. वाद घालायचा नसेल तर घरची पिशवी न्या. दहा-पंधरा रुपयांपेक्षा मनस्ताप वाचतो.

*बदलून घेणे.* पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारा: किती दिवसांत, कुठल्या वेळेत, पैसे की क्रेडिट नोट? अनेक दुकाने शनिवार-रविवारी बदलून देत नाहीत. क्रेडिट नोटवर मुदत असते, तिचा फोटो काढून ठेवा. सेलच्या मालाला वेगळा नियम असतो. तो बिलावर लिहिलेला आहे का ते बघा, तोंडी भरवसा ठेवू नका.

*नावावरचे पैसे.* 'वूलन' हा शब्द बाजारात कुठल्याही उबदार कपड्याला लावतात. गेल्या वर्षी एका मंगल कार्यालयात भरलेल्या प्रदर्शनातून 'शुद्ध लोकर' म्हणून मी बाराशेचा अर्धा स्वेटर घेतला. घरी येऊन आतली पट्टी उलटली. ती दोनदा दुमडून शिवणीत खुपसली होती. टाके उसवले तेव्हा दिसले, 'शंभर टक्के ॲक्रिलिक'. बिल नव्हते, फोन नंबर नव्हता. चौथ्या दिवशी तिथे गेलो तर दारात सनई वाजत होती आणि मला गुलाबपाणी शिंपडून आत घेतले.

ॲक्रिलिक वाईट नाही. ते हलके असते, घरी धुता येते आणि पुण्याच्या थंडीला पुरते. पण ते पाचशे-सहाशेला मिळते. बाराशे द्यायचे तर पट्टीवर लोकरीची टक्केवारी दिसली पाहिजे. पट्टी कापलेली असेल तर कपडा खाली ठेवा.

ऑनलाइन घेताना

दाखवलेली किंमत आणि शेवटच्या पानावरची किंमत यांत तीन गोष्टी शिरतात: डिलिव्हरी, प्लॅटफॉर्म फी आणि घरी पैसे देण्याचे शुल्क. परत करायचे झाल्यास काही ठिकाणी ते शुल्क परत मिळत नाही, शिवाय माल उचलून नेण्याचे पैसे कापतात. चारशेच्या हुडीवर हे सव्वाशेपर्यंत जाऊ शकते.

शेवटच्या पानावर अचानक शुल्क वाढवणे, किंवा तुम्ही न निवडलेली वस्तू, विमा, देणगी टोपलीत गुपचूप टाकणे या फसव्या युक्त्या आहेत आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत त्यांना मनाई केली आहे. तशी टिकमार्क आधीच केलेली दिसली तर काढा आणि स्क्रीनशॉट ठेवा.

मापासाठी 'एम', 'एल' वर विसंबू नका. तुमचा नीट बसणारा शर्ट जमिनीवर पसरा, काखेपासून काखेपर्यंत इंच मोजा, दुप्पट करा आणि तक्त्याशी ताडा. वर घालायचा कपडा असेल तर छातीत तीन-चार इंच जास्त धरा. पार्सल उघडताना मोबाइलवर व्हिडिओ करा. सुरुवात पत्त्याच्या चिठ्ठीपासून, मध्ये थांबवायचे नाही.

धुण्याचा हिशेब

हा खर्च सगळे विसरतात. स्वेटरच्या ड्रायक्लीनिंगला १२० ते २००, जॅकेटला २०० ते ३५०, 'उद्याच हवे' म्हटले की त्यावर आणखी. नऊशेचा स्वेटर मोसमात चारदा १५० देऊन धुतला, तर सहाशे धुण्यात गेले आणि स्वेटर पंधराशेला पडला.

म्हणून कपडा निवडतानाच आतल्या पट्टीवरची चिन्हे बघा. पाण्याच्या टबात हात म्हणजे हाताने धुवा. टबावर फुली म्हणजे पाण्यात घालू नका. रिकामे किंवा अक्षर असलेले वर्तुळ म्हणजे ड्रायक्लीन. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको. रोजच्या वापरासाठी टबावर फुली आणि सोबत वर्तुळ असलेला कपडा घेऊ नका, तसा कपडा लग्नाकार्यापुरताच घ्या.

ॲक्रिलिक आणि लोकर, दोन्ही थंड पाण्यात, सौम्य साबणात, न घासता धुवा. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सपाट पसरून वाळवा. दोरीवर टाकलेला स्वेटर स्वतःच्या ओझ्याने लांबतो आणि खांद्यावर चिमट्यांची टोके उठतात. गरम पाण्यात खरी लोकर आटते आणि मग ती मुलालाच होते.

ड्रायक्लीनरला कपडा देताना डाग, तुटके बटण, उसवलेली शिवण पावतीवर लिहून घ्या आणि त्याच्यासमोर फोटो काढा. पावतीच्या मागे 'जबाबदारी आमची नाही' असे छापलेले असते. ते वाचूनच महागडा कपडा द्यायचा की नाही ते ठरवा.

फेब्रुवारीत कपडे ठेवताना धुऊनच ठेवा. घामाच्या कपड्याला कसर लागते. डांबरगोळ्या कापडाला चिकटू देऊ नका, रुमालात बांधून कोपऱ्यात ठेवा आणि लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे बघा. वाळलेला कडुनिंबाचा पाला फुकट आहे.

बिघडले तर

कागद तीनच: बिल, पट्टीचा फोटो, बिघाडाचा फोटो. बिल मागाच. बिल न देणे हीसुद्धा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीही त्यातच येते. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. तुम्हाला रंग आवडला नाही म्हणून मात्र कायदा मदतीला येणार नाही.

आधी दुकानदाराला मेसेज किंवा ईमेल करा, लेखी उत्तर मागा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, क्रमांक लिहून ठेवा. फोनला पैसे लागत नाहीत. तिथे सुटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षे. सहाशेच्या स्वेटरसाठी आयोगापर्यंत जायचे का, ते तुम्ही ठरवा. १९१५ चा फोन मात्र जरूर करा, बऱ्याच वेळा तेवढ्यावरच दुकानाचा सूर बदलतो.

निघण्याआधी

कपडा हातात घेतला की एकच भागाकार करा: किंमत भागिले किती दिवस घालणार. सहाशेचा अर्धा स्वेटर साठ दिवस घातला तर दिवसाला दहा रुपये. चोवीसशेचे चामड्यासारखे दिसणारे जॅकेट पुण्यात सहा दिवस अंगावर येते, म्हणजे दिवसाला चारशे. आणि ते पिशवीत मावतही नाही.

जाताना घरची पिशवी, घरच्या नीट बसणाऱ्या शर्टाचे माप आणि पांढरा रुमाल बरोबर घ्या. आल्यावर बिलाचा फोटो काढा, बिलावरची छपाई काही महिन्यांत उडू शकते. आणि संध्याकाळी ऑफिसातून निघताना खुर्चीकडे एकदा बघा.